पैसा मिळणार कोणाला? बिग बझारच्या शेअरबाबत माझा अनुभव

“रिलायन्स घेऊन रायलं न ताई, मंग आता काय पायता?” हे वाक्य २०२० च्या सप्टेंबरात मी इतक्यांदा ऐकलं, की आजही आठवलं तर डोकं तापतं. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. ज्या ऑफिसात ते मिळायला पाहिजे होतं, तिथे एकालाही ते द्यावंसं वाटलं नाही. अडचणीतल्या कंपनीचा शेअर स्वस्तात मिळतोय म्हणून कोणाचा हात शिवशिवत असेल, तर त्याने हे जरूर वाचावं.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. कोरडवाहू शेती आणि माझं किराणा दुकान. उन्हाळ्यात तूर विकून थोडे पैसे हाताशी होते. कंपनी होती फ्युचर रिटेल, म्हणजे किशोर बियाणींची बिग बझारवाली. नागपूरला गेले की मी बिग बझारमध्ये चक्कर टाकायचीच. लोक खरेदीला जायचे, मी भाव पाहायला. २६ जानेवारीच्या सेलला तर गावातून गाडी करून मंडळी जात आणि आल्यावर माझ्याच दुकानात उभं राहून तिथले तेलाचे भाव मला सांगत. त्यामुळे दुकान चांगलं आहे, याबद्दल शंका नव्हती.

कंपनीवर कर्ज आधीपासूनच होतं. लॉकडाऊनने धंदा बसला. जुलै २०२० मध्ये डॉलरमधल्या रोख्यांचं व्याज ठरल्या दिवशी भरता आलं नाही, वाढीव मुदतीत भरलं गेलं. मग २९ ऑगस्टला बातमी आली: रिलायन्स फ्युचर समूहाचा किरकोळ, घाऊक आणि गोदाम-वाहतुकीचा धंदा २४,७१३ कोटींना घेणार. दुसऱ्याच दिवशी धाकटे दीर ओट्यावर येऊन म्हणाले, “वहिनी, अंबानी पैसा लावून रायला. आता नाही घेतला तं मंग कधी?” त्यांनी घेतलाही.

डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं उघडायला काही त्रास झाला नाही. पॅन, आधार, कॅन्सल चेक, सह्या, झालं. ज्यांच्यामार्फत उघडलं त्या शेअर दलालाचं ऑफिस तालुक्याला, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. आता त्या ऑफिसबद्दल.

माझा प्रश्न साधा होता: हे २४,७१३ कोटी कोणाच्या हातात पडणार? शेअर घेतलेल्याच्या, बँकांच्या, की कंपनीच्या? काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “ताई, रिलायन्स आहे ते.” मी पुन्हा विचारलं. तो आमच्या ह्यांच्याकडे पाहून बोलायला लागला. प्रश्न मी विचारतेय, पैसा माझ्या दुकानाचा आणि तुरीचा, सही माझी, आणि उत्तर मिळतंय नवऱ्याला! हे म्हणाले, “तिलेच सांगा, मले यातलं कळत नाही.” तरी त्याची मान काही इकडे वळेना.

पुढच्या खेपेला सांगितलं, सर आले की बोलतील. सर खाली गेलेले, सर फोनवर, सर यवतमाळला. बाकड्यावर बसून मी भिंतीवरच्या टीव्हीत धावणारे आकडे पाहत राहिले. दुकान मुलाच्या भरवशावर सोडून आलेली, बाजाराचा दिवस. माझ्यानंतर आलेल्या दोघातिघांनी विचारपूस न करता खरेदी सांगितली, त्यांची कामं चटकन झाली. अडून बसलेली मी एकटीच.

मग त्या पोराने कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. फ्युचर रिटेलच्या १० शेअरमागे त्याच समूहातल्या फ्युचर एंटरप्रायझेस या दुसऱ्या कंपनीचे १०१ शेअर मिळणार, असं जाहीर झालं होतं. त्याने शंभर टाकले, गुणाकार केला आणि १,०१० चा आकडा मला दाखवला. “डायरेक्ट दसपट, ताई!” मी म्हटलं, शेअर दसपट होतील, पण त्या नव्या एका शेअरची किंमत काय राहील? आणि दुकानं त्या कंपनीत राहतील का? त्याने कॅल्क्युलेटर मागे ओढला.

शेवटी सर भेटले. त्यांनी स्क्रीनवर आलेख उघडला, बोटाने रेघ वर नेली आणि टार्गेट, म्हणजे भाव कुठवर चढेल ते सांगितलं. मी म्हटलं, टार्गेट नको, कंपनीने जे लिहून दिलंय तो कागद काढून द्या. “तो कंपनीचा कागद असते, आमच्याकडं नसते. आज घ्या, उद्या अप्पर सर्किट लागलं तं भेटणार नाही.” अप्पर सर्किट म्हणजे एका दिवसात भाव चढायची ठरलेली हद्द; तिथे विकणारा सापडत नाही. कागद दहा मिनिटांत निघणारा होता, हे मला नंतर कळलं, आणि तेव्हा जी चीड आली ती अजून गेली नाही. गावाकडचं माणूस इंग्रजी कागद वाचणार नाही, हे त्या ऑफिसने धरूनच ठेवलं होतं.

कागद मिळाला भाचीमुळे. ती अमरावतीला बी.कॉम. करत होती. घरात रेंज मिळेना म्हणून मी स्लॅबवर जाऊन तिच्याशी बोलले. तिने सांगितलं, बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाक, कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स उघड, सगळं फुकट आहे. ऑनलाइन सेंटरवरून प्रिंट काढली आणि दोघींनी फोनवर एकेक वाक्य लावलं. ती अर्थ सांगायची, मी पेन्सिलीने समासात मराठीत लिहायची.

योजना अशी होती. आधी फ्युचर रिटेलसह समूहाच्या कंपन्या फ्युचर एंटरप्रायझेसमध्ये विलीन होणार. मग त्यातून दुकानं आणि घाऊक धंदा रिलायन्सच्या कंपनीकडे जाणार. काही कर्ज आणि देणी रिलायन्स अंगावर घेणार, बाकीची रक्कम रोख देणार, पण ती फ्युचर एंटरप्रायझेसला. शेअरवाल्याच्या हाती रोख काही नाही, फक्त त्या उरलेल्या कंपनीचे शेअर. आणि त्या कंपनीत राहणार काय, तर रोजच्या वापराच्या मालाचं उत्पादन-वितरण, कपड्यांचं उत्पादन, विम्यातली जनरालीबरोबरची भागीदारी. ज्या दुकानासाठी मी शेअर घ्यायला निघाले होते, ते दुकानच त्यातून जाणार होतं!

समासात मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: दुकान अंबानीचं, कागद माझा. तिथेच माझं ठरलं. घ्यायचा नाही.

भाऊजींना मी हे समजावलं ते जिनिंगच्या उदाहरणाने. जिनिंग बुडाली की बँक येऊन सील ठोकते, आणि कापूस घातलेला कास्तकार चुकाऱ्यासाठी गेटबाहेर उभा राहतो. मशीन विकून आलेला पैसा आधी बँकेचा. कंपनीत शेअरवाला तर त्या कास्तकाराच्याही मागे उभा असतो. हे माझं मत नाही, कायदा आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये क्रम दिलाय: आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांचे २४ महिन्यांपर्यंतचे पगार, त्यानंतर बाकीची देणी, आणि सगळ्यात शेवटी साधे शेअरवाले. भाऊजी म्हणाले, “पण इथं कंपनी बुडून नाही रायली, विकल्या जाऊन रायली.” तेव्हा ते खरंच होतं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ॲमेझॉनने २०१९ मध्ये बियाणींच्याच फ्युचर कूपन्स या कंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला होता, आणि त्या कंपनीकडे फ्युचर रिटेलचे शेअर होते. त्या कराराच्या जोरावर त्यांनी सिंगापूरच्या लवादातून ऑक्टोबर २०२० मध्ये विक्रीला तात्पुरती मनाई मिळवली. मग कोर्ट, अपील, पुन्हा कोर्ट. बऱ्याच दुकानांचे भाडेकरार तोवर रिलायन्सकडे गेले होते; थकलेल्या भाड्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने ती दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये मतदान झालं. शेअरवाल्यांनी हो म्हटलं, पण तारण असलेल्या कर्जदात्यांपैकी ६९.२९ टक्के मतं विरोधात गेली आणि व्यवहार मोडला. शेअरवाल्यांचं हो कोणाच्या कामी आलं नाही! जुलै २०२२ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि जुलै २०२४ मध्ये अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला. लवादाचं भांडण मला आधी दिसलं नव्हतं, कोणालाच दिसलं नसेल. पण पैसा कोणाच्या हाती जातो ते मी आधी पाहिलं, आणि याचा मला अभिमान आहे.

आता जसं आठवेल तसं सांगते. त्याच वेबसाइटवर शेअरहोल्डिंग पॅटर्न असतो. मालकांनी आपल्या शेअरपैकी किती तारण ठेवलेत ते त्यात दिसतं. बियाणींच्या बाजूने मोठा भाग तारण होता. मालकाचेच शेअर सावकाराकडे असतील, तर भाव पडला की सावकार ते विकतो आणि भाव आणखी पडतो. हा तक्ता दर तिमाहीला बदलतो, म्हणून तारीख पाहूनच वाचा.

दुकानदारांसाठी एक खास: ताळेबंदात ट्रेड पेएबल्स बघा. म्हणजे माल देणाऱ्यांची उधारी. विक्री घटतेय आणि ही रक्कम वाढतेय, तर ठोक व्यापारी किती दिवस माल देईल, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

अप्पर सर्किटची भीती घालणारा लोअर सर्किटबद्दल बोलत नाही. लोअर सर्किट लागलं की विकायला सगळे उभे असतात आणि घेणारा कोणी नसतो. तुमचा शेअर तुमच्याच गळ्यात राहतो. भाऊजींचं नेमकं तेच झालं. आता ते काही घेण्याआधी प्रिंट घेऊन माझ्या दुकानात येतात.

आणि हो, तेव्हा खातं उघडताना सह्यांच्या गठ्ठ्यात मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहाराचा अधिकार दलालाला देणारा कागद घुसवलेला असायचा. कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या कागदावर तर नकोच. नॉमिनीचं नाव त्याच दिवशी भरून घ्या. माझं त्या ऑफिसने राहू दिलं होतं, पुन्हा तालुक्याला जाऊन भरावं लागलं.