घोट, घास, घोट

वाइनच्या बाटलीवर किंवा जाहिरातीत दिसणारे १००पैकी ९० किंवा ९५ गुण घासाविना दिलेले असतात. परीक्षकापुढे ग्लास, पाणी, थुंकायचं भांडं आणि फार तर कोरडा पाव एवढंच असतं. तीच बाटली घरी पिझ्झासोबत उघडली की तिची आम्लता, तुरटपणा, फळांची चव, सगळंच वेगळं लागतं. म्हणून वाइनला दोनदा गुण द्यावेत हा माझा आग्रह आहे: एकदा नुसती चाखून आणि एकदा खाण्यासोबत. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत, त्यांची बेरीज करू नये.

सगळ्यात जास्त घोळ तापमानाचा होतो. फ्रिजमधून थेट काढलेल्या व्हाइटचा वास दबलेला असतो. २५ अंशांवरची रेड नाकात अल्कोहोलचा भपका मारते आणि तोंडात ढिली लागते. फार गार केलेल्या रेडमधलं टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारं तुरट द्रव्य, बोचतं. फसफसणारी वाइन ६ ते ८ अंश सेल्सिअस, हलकी व्हाइट ८ ते १०, ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली जड व्हाइट शार्डोने १० ते १३, बोजोलेसारखी हलकी रेड १२ ते १४ आणि कॅबरनेसारखी भारदस्त रेड १६ ते १८, एवढं सांभाळलं तरी पुरे. थर्मामीटर नसेल तर व्हाइट पंधरा मिनिटं आधी फ्रिजबाहेर काढा आणि रेड अर्धा तास आधी फ्रिजमध्ये ठेवा.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा आणि सगळ्या वाइनसाठी एकसारखा हवा. प्रत्येकात ५० मिली ओता. त्याहून जास्त ओतलं तर ग्लास गरगरवता येत नाही. बाटल्या कागदी पिशव्यांत घालून वर क्रमांक टाका, आणि हे काम चाखणाऱ्यानं स्वतः करू नये. डोळे नाकाला किती फसवतात याचा एक प्रयोग २००१मध्ये प्रसिद्ध झाला. बोर्दोमधल्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन वास नसलेल्या लाल रंगानं रंगवून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. लेबल दिसत असेल तर फसगत आणखी वाढते. एका बैठकीत पाच-सहा वाइन पुरे. आधी फसफसणारी, मग हलकी व्हाइट, जड व्हाइट, रेड आणि शेवटी गोड.

रंगावर फार वेळ घालवू नका. ग्लासच्या कडेनं उतरणारे ओघळ पाहून वाइन भारी ठरवणं तर सोडूनच द्या. अल्कोहोल उडून जाताना पृष्ठताण बदलतो म्हणून ते ओघळ तयार होतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

नाक मात्र मनापासून वापरा. पहिला वास ग्लास न हलवता घ्या, दुसरा गरगरवून. नाक लवकर थकतं, तेव्हा मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा, म्हणजे ते पुन्हा ताळ्यावर येतं. गुण देण्याआधी बाटली नासलेली नाही ना, हे बघायचं. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघरासारखा कुबट वास आला तर तो बुचातून आलेल्या टीसीए नावाच्या रसायनाचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी ते फळांचा वास मारून टाकतं. जळक्या काडीचा किंवा सडक्या अंड्याचा वास वेगळा. वाइनला बाटलीत हवा न मिळाल्यानं गंधकाची संयुगं साचलेली असतात, त्यांचा तो वास. दोन्हींत गल्लत होते, पण ओळखायची युक्ती सोपी आहे. ग्लास जोरात गरगरवा, दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा हुंगा. गंधकाचा वास बहुधा विरतो, पुठ्ठ्याचा उलट वाढतो. वाढला तर त्या बाटलीला गुणच देऊ नका, कारण तो दोष त्या एका बुचाचा आहे, वाइनचा नाही. ग्लासात बुचाचा तुकडा तरंगत असला म्हणून वाइन नासली असं मात्र नाही. तुकडा काढून टाका. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आणि व्हाइटला काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास, हे दोष कितीही थांबलं तरी जात नाहीत.

मग घोट. दोन चमचे वाइन तोंडात घ्या, दहा सेकंद घोळवा आणि थुंका. थुंकल्यावर लाळ सुटत राहिली तर आम्लता भरपूर. हिरड्या आणि ओठांची आतली बाजू कोरडी, खरखरीत झाली तर ते टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडातला ओशटपणा जातो. घशाशी ऊब लागली तर अल्कोहोल. चव किती सेकंद रेंगाळते ते मनात मोजा. टॅनिन साचत जातं, त्यामुळे तिसरी रेड पहिलीपेक्षा खरखरीत लागते, मग ती तशी असो वा नसो. सगळ्या चाखून झाल्या की पाणी आणि कोरडा पाव घेऊन तीच रांग उलट्या क्रमानं पुन्हा चाखा. हा टप्पा गाळला तर शेवटच्या बाटलीवर हमखास अन्याय होतो.

१००पैकी गुण ही पद्धत रूढ केली अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी; त्यांचं वाइनविषयक नियतकालिक १९७८मध्ये सुरू झालं. ती मोजपट्टी मुळात ५०पासून सुरू होते. रंगाला ५, वासाला १५, चव आणि रेंगाळण्याला २०, एकूण दर्जाला १०. म्हणजे ८० हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही. घरी २० गुण सोयीचे. वासाला ५, चवीला ५, समतोलाला ५, रेंगाळण्याला ५. समतोल म्हणजे आम्लता, गोडी, टॅनिन आणि अल्कोहोल यांतलं एकही दुसऱ्याच्या डोक्यावर बसत नाही ते.

एका गुणाच्या फरकावरून वाद घालू नका. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा, न सांगता देण्यात आली. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे १० टक्के परीक्षकांनाच आपले तिन्ही गुण एकाच पदकाच्या (सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य) पट्ट्यात ठेवता आले. घरीही एक वाइन दोन पिशव्यांत घालून पाहा. तुमच्या दोन आकड्यांत २ गुणांचा फरक पडला, तर त्या दिवशी २ गुणांपर्यंतचा कुठलाही फरक फरक नाही असं समजा.

आता खाण्याची फेरी. एक घोट घ्या आणि तो ध्यानात ठेवा. मग एक घास, नीट चावून पूर्ण गिळा. पाच मोजा आणि दुसरा घोट घ्या. घास तोंडात असताना वाइन प्यायली तर चवी एकमेकींत मिसळतात आणि काही कळत नाही. दुसरा घोट पहिल्यापेक्षा बरा लागला तर अधिक १ किंवा २, वाईट लागला तर उणे, तसाच राहिला तर शून्य. बहुतेक जोड्यांना शून्यच मिळतं, आणि त्यात काही बिघडत नाही.

पिझ्झाचं बघू. टोमॅटोचा सॉस आंबट असतो, आणि खाण्यातला आंबटपणा वाइनमधला आंबटपणा झाकतो. त्यामुळे कमी आम्लतेची, पिकलेल्या फळांची रेड घासानंतर पसरट, पाणचट होते, मग नुसती चाखताना तिला १७ का मिळाले असेनात. बार्बेरा या इटालियन रेडमध्ये आम्लता जास्त आणि टॅनिन कमी, म्हणून ती टिकते. सांजोव्हेसे द्राक्षांपासून केलेली साधी किआंती ही इटालियन रेडही चालते. तिच्यातलं थोडंसं टॅनिन चीजमधल्या मिठामुळे मऊ होतं. वर मशरूम भरपूर असतील तर मात्र त्यांच्या उमामी (मांसरसासारख्या) चवीमुळे टॅनिन कडू लागतं. चिमूटभर मीठ घातलं की ते पुष्कळसं सावरतं.

चिप्स आणि तळलेलं चिकन हे वाइनचे खरे दोस्त. मीठ कडवटपणा दाबतं आणि वाइनची आम्लता तेलकटपणा कापते, म्हणून कोरडी, म्हणजे गोड नसलेली, फसफसणारी वाइन इथे सहज अधिक २ मिळवते. लेबल मात्र नीट वाचा. ‘ब्रूट’मध्ये लिटरमागे साखर १२ ग्रॅमपर्यंत असते आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७, म्हणजे नावाच्या अगदी उलट, दुसरी जास्त गोड.

तिखट चिकन विंग्जसोबत १४.५ टक्के अल्कोहोलची शिराझ ही रेड घेऊ नका. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि टॅनिन त्यावर घासतं. किंचित गोड, गार, ८ ते १० टक्क्यांची रीसलिंग ही व्हाइट घ्या.

बर्गरमध्ये सगळा खेळ सॉसचा असतो. नुसत्या मांसासोबत माल्बेक ही रेड छान लागते, पण गोड केचप आला की तीच आंबट आणि कडू वाटते, कारण खाण्यातली साखर वाइनमधली फळांची चव खाऊन टाकते. पॅटी आणि केचप वेगवेगळे चाखून दोन वेगळे आकडे लिहा, म्हणजे दोष कुणाचा ते कळतं. कॅरमेल पॉपकॉर्न आणि चॉकलेट यांनाही हेच लागू. वाइन खाण्याहून गोड हवी, नाहीतर उणे २ ठरलेले. लोण्यातल्या पॉपकॉर्नला ओकमधली शार्डोने द्या.

ट्यूना सँडविचसोबत रेड घेतली की तोंडात मासळीचा उग्र, धातूसारखा वास राहतो. जपानी संशोधकांनी २००९मध्ये याचं कारण वाइनमधलं लोह असल्याचं दाखवलं. रेडमध्ये ते बहुधा जास्त असतं, म्हणून इथे आंबूस, ताजीतवानी व्हाइट.

वहीतली नोंद एवढीच पुरते: ‘बार्बेरा, १५ अंश, १४/२०, पिझ्झा +२, केचप −१.’ उरलेली वाइन ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. हवा न लागल्यामुळे ती तीन-चार दिवस टिकते आणि तीच वाइन दुसऱ्या एखाद्या खाण्यासोबत पुन्हा चाखता येते. फसफसणारीला मात्र घट्ट अडकणारं खास झाकण लागतं. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून तिचे बुडबुडे टिकत नाहीत.