नाक बंद नाही म्हणे!

"नाक बंद वाटतं का गं?" डॉक्टरांनी विचारलं तर लेक सरळ "नाही" म्हणाली, आणि बसलीये तोंड उघडं ठेवून श्वास घेत. दुर्बिणीतून बघितलं तर दोन्हीकडे पॉलिप्स, म्हणजे नाकाच्या अस्तराला आलेल्या मऊ गाठी.

खोटं नव्हती बोलत हो ती. मोकळं नाक कसं असतं हे तिला माहीतच नाही. तिला सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार आहे. त्यात सीएफटीआर नावाच्या जीनच्या बिघाडामुळे फुप्फुसातल्यासारखाच नाकातला स्रावही घट्ट, चिकट होतो, सायनसमध्ये साचून राहतो, तिथे जंतू ठाण मांडतात आणि तिथूनच खाली फुप्फुसातही उतरू शकतात. पण सगळ्यांचं लक्ष छातीकडे, नेब्युलायझर, फिजिओ, पचनासाठीच्या एन्झाइमच्या गोळ्या... नाकाला विचारतो कोण!

आता रोज सलाइनने नाक धुणं, पाणी उकळून गार केलेलं नाहीतर डिस्टिल्ड, नळाचं थेट अजिबात नाही, मग डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे. ऑपरेशन केलं तरी पॉलिप्स पुन्हा येऊ शकतात म्हणून त्याची घाई नाही. पहिल्यांदा बाटली दाबली तर दुसऱ्या नाकपुडीतून असा हिरवट गोळा लोंबत आला की तीच किंचाळली, "ई, हे माझ्यात होतं??"

तुमची मुलं सांगतात का आपणहून, की तुम्हीच रात्रीचं घोरणं ऐकून ओळखता?