अमोनिया पंप सारखा ट्रिप होत होता तेव्हा: माझा अनुभव

आमच्या शीतगृहाच्या कूलरना उणे 40 अंशांचा द्रव अमोनिया पुरवणारा पंप सारखा ट्रिप व्हायला, म्हणजे आपोआप बंद पडायला लागला. आत खडे घोळवल्यासारखा आवाज, मग डिफरन्शियल प्रेशर (पंपाच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक) पडायचं आणि स्विच पंप बंद करायचा. बेअरिंग गेलं, यावर सगळ्यांचं एकमत. पंप दोन्हीकडचे व्हॉल्व्ह लावून आयसोलेट केला, रिकामा केला आणि मगच खोलला. गार द्रव दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये अडकला तर तापताना फुगून पाईप फाडू शकतो, तिथे घाई नाहीच. बेअरिंग, इम्पेलर, सक्शन स्ट्रेनर (पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी), सगळं ठीक निघालं.

मग लो प्रेशर व्हेसलकडे वळलो, म्हणजे पंप जिच्यातून द्रव घेतो त्या टाकीकडे. त्यातला अमोनिया कायम उकळायच्या काठावर असतो. त्यामुळे पंपाच्या तोंडाशी जास्तीचा दाब मिळतो तो फक्त वरच्या द्रवाच्या उंचीचा, आणि 1 मीटरला तो जेमतेम 0.07 बार. व्हेसलचा दाब झटकन उतरून संपृक्त तापमान (त्या दाबाला अमोनिया उकळतो ते तापमान) 1 अंशानं जरी खाली आलं, तरी त्यातला निम्म्याहून जास्त खर्च होतो. खालच्या पाईपमधल्या द्रवाला इतक्या लवकर गार होता येत नाही. तो जागीच उकळतो आणि पंपात बुडबुडे शिरतात.

मी सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसर व्हेसलमधून बाष्प ओढतो तिथला दाब) आणि कॉम्प्रेसरचं लोडिंग, म्हणजे तो किती क्षमतेनं चालतोय ते, शेजारी शेजारी लिहायला सुरुवात केली. पंप ट्रिप व्हायचा तो बहुतेक डिफ्रॉस्टनंतर (कूलरवरचा बर्फ वितळवल्यावर), दुसरा कॉम्प्रेसर सुरू होऊन भराभर लोड घेत असताना, म्हणजे व्हेसलचा दाब झटकन उतरत असताना. त्याच वेळी रिकामे कूलर भरायचे असल्यामुळे पंपावर प्रवाहही जास्त, म्हणजे त्याला तोंडाशी दाबही जास्त हवा. दोन्ही संकटं एकदमच.

‘व्हेसलची लेव्हल वाढवा’ हा सल्ला मिळालाच. मला तो पटला नाही. कूलरमधून परत येणाऱ्या द्रवासाठी वर जागा ठेवावी लागते, नाहीतर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जायची भीती. त्याऐवजी लोडिंगचा वेग कमी केला, कूलर एकामागून एक उघडायला लावले आणि प्रवाह कमी व्हावा म्हणून पंपाचा डिस्चार्ज (बाहेर पडायच्या बाजूचा) व्हॉल्व्ह थोडा आवळला. बाष्प होतं त्याच्या तीन-चार पट द्रव कूलरला मिळायला हवा, म्हणून फार आवळूनही चालत नाही; ते जमवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

आवाज थांबला. खोल्या थंड व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, त्यावरून प्रॉडक्शनवाले अजून कुरकुरतात. लोडिंगची सेटिंग बदलायची असेल तर पंपाच्या गेजपाशी एक माणूस उभा करतो.