कोपेश्वराकडे नंदी का नाही?

खिद्रापूरला (तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर) कोपेश्वराच्या शिवमंदिरात नंदी शोधत बसू नका, तो इथे नाहीच. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली आणि शंकर मागे राहिले, अशी कथा; म्हणून नंदी कृष्णेकाठीच, पण कर्नाटकातल्या येडूरला. सतीच्या देहत्यागानंतर कोपलेल्या शिवाला विष्णूने शांत केलं, त्यामुळे गाभाऱ्यात कोपेश्वरासोबत विष्णूरूप धोपेश्वरही आहे.

खरी थांबायची जागा म्हणजे पुढचा स्वर्गमंडप. छताच्या मधोमध मोठं गोल मोकळं भोक, बरोबर खाली तेवढीच गोल रंगशिला (दगडी चौथरा), तिच्याभोवती १२ खांब. मंडपात एकूण ४८ खांब. रंगशिलेवर उभं राहून मान वर केली की आकाशाचा गोल दिसतो आणि कडेने दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र या झरोक्यावर येतो; गर्दी तेव्हाच होते.

देऊळ शिलाहारांच्या काळातलं, तरी दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघण दुसरा याचा शके ११३६ चा (इ.स. १२१३-१४) संस्कृत शिलालेख आहे. शिलाहारांचं राज्य त्यानेच बुडवलं, मग देवाला दानही दिलं! बाहेरून फिरताना जोत्यावरचा गजथर, म्हणजे कोरलेल्या हत्तींची रांग, चुकवू नका. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत.

आत सभामंडपात अंधार असतो, शक्यतो सकाळी जा. दुपारी फरशी अनवाणी पायांना चटके देते. पावसाळ्यात निघण्याआधी कृष्णेच्या पाण्याची चौकशी करा, पुरात रस्ते बंद होतात.