आधी हातातला कागद

घरून फोन आला की सिरॅक्यूजबद्दल पहिली चौकशी होते ती बर्फाची. बर्फ आहेच, आणि भरपूर आहे. पण न्यूयॉर्क राज्याच्या मधोमध वसलेल्या या गावाची आणखी एक ओळख आहे. ती मला इथे राहायला येऊन बराच काळ लोटल्यावर कळली आणि आज तिच्याबद्दल लिहायचं आहे. मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या दोन मोठ्या चळवळींचं घर म्हणजे हे गाव.

पहिली चळवळ फ्रँक लाउबाख यांची. हे मिशनरी गृहस्थ १९३० च्या सुमारास फिलिपाइन्समधल्या मिंदानाओ बेटावर मरानाओ लोकांमध्ये काम करत होते. त्या लोकांच्या बोलीसाठी त्यांनी रोमन अक्षरं ठरवली, तक्ते तयार केले आणि शिकवायला माणसं नेमली. मग जागतिक मंदी आली, अमेरिकेतून येणारा पैसा आटला आणि शिक्षकांना पगार देणं अशक्य झालं. तेव्हा तिथल्याच एका सरदाराने तोडगा काढला की ज्याला वाचता येतं त्याने दुसऱ्याला शिकवलंच पाहिजे. ‘एकाने एकाला शिकवा’ ही जगभर गेलेली घोषणा त्या पैशाच्या चणचणीतून जन्माला आली. लाउबाख पुढे ही पद्धत घेऊन अनेक देशांत फिरले, भारतातही आले. १९५५ साली त्यांनी आपली संस्था सिरॅक्यूजमध्ये उभी केली.

दुसरी चळवळ रूथ कोल्विन या बाईंची. १९६१ साली त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात वाचलं की आपल्या ऑनोंडागा काउंटीत, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, अकरा हजार प्रौढांना धड लिहिता-वाचता येत नाही. परदेशातल्या निरक्षरतेबद्दल त्यांनी ऐकलं होतं, पण आपल्याच गल्लीबोळात ही माणसं आहेत हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी घराच्या तळघरात काम सुरू केलं. कागदपत्रं ठेवायला कपाट नव्हतं, म्हणून टाकून द्यायचा जुना फ्रिज त्या कामी लावला. या तळघरातून देशभर स्वयंसेवक शिक्षकांची संघटना उभी राहिली. २००२ साली ती लाउबाख यांच्या संस्थेत विलीन झाली आणि ‘प्रोलिटरसी’ हे नाव मिळालं. कोल्विनबाई २०२४ साली वयाच्या १०७ व्या वर्षी गेल्या.

अमेरिकेत निरक्षर माणसं असतात का, असं माझ्या आत्याने मला सरळ विचारलं होतं. तिचा प्रश्न रास्त आहे. इथे शाळा फुकट आहे, सक्तीची आहे, दारात पिवळी बस येते. तरीही १६ ते ६५ वयाच्या प्रौढांची जी आंतरराष्ट्रीय कौशल्यचाचणी होते, तिच्या २०२३ च्या फेरीत अमेरिकेतले २८ टक्के प्रौढ वाचनाच्या पहिल्या पायरीवर किंवा तिच्याही खाली निघाले. २०१७ साली हेच प्रमाण १९ टक्के होतं. पहिल्या पायरीवरच्या माणसाला छोटा, सोपा मजकूर वाचता येतो. पण चार परिच्छेदांचं पत्र वाचून त्यातून काय करायचं ते काढणं त्याला जड जातं. यात माझ्यासारखे बाहेरून आलेले बरेच आहेत, आणि इथे जन्मून इथल्याच शाळेत बारा वर्षं काढलेलेही बरेच आहेत.

मी आठवड्यातून एका संध्याकाळी ज्या वर्गात शिकवायला जाते, तो गावाच्या उत्तर भागात भरतो. या भागात पूर्वी इटालियन आणि जर्मन कुटुंबं राहायची. आता तिथे सोमाली, बर्मी, काँगोली आणि भूतानमधून आलेले नेपाळीभाषक राहतात. या शेवटच्या मंडळींशी माझी आधी गट्टी जमली. १९९० च्या आसपास भूतानमधून हाकलले गेलेले हे लोक पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत वीसेक वर्षं राहिले. पुढे २००७-०८ पासून त्यांचं पुनर्वसन सुरू झालं आणि एक लाखाहून जास्त माणसं वेगवेगळ्या देशांत गेली. बहुतेक अमेरिकेत आली. हिंदी सिनेमांमुळे त्यांना हिंदी समजतं. माझ्या वर्गातल्या वयस्कर बायकांना मी आमा म्हणजे आई म्हणते, त्या मला बहिनी म्हणजे धाकटी बहीण म्हणतात, आणि आमचं निम्मं इंग्रजी हिंदीतून चालतं.

देवनागरी तुम्हाला येतच असेल, मग त्यावरून इंग्रजी अक्षरं दाखवू, असं मी एका आमांना सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. कोणतीच लिपी त्यांनी कधी हातात घेतली नव्हती. वेलची, संत्री, भात, गुरं यांत आयुष्य गेलं, पुढे छावणीत रांगा लावण्यात. भाषा बदलणं आणि पहिल्यांदाच अक्षर ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकदम करणं किती अवघड आहे हे त्यांच्याशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. रेघ डावीकडून उजवीकडे जाते, पान वरून खाली वाचायचं, दोन शब्दांत मोकळी जागा असते, हे सगळंसुद्धा शिकायचं असतं. लाउबाख यांचे तक्ते इथे फार उपयोगी पडतात. त्यांत पक्ष्याचं चित्र असं काढलंय की उभी शेपटी आणि गोल पोट मिळून इंग्रजी ‘बी’ होतो. मग चित्र पुसट होत जातं आणि अक्षर उरतं.

पण मला ज्यांच्याबद्दल जास्त सांगायचंय ते गृहस्थ इथलेच, याच गावात जन्मलेले. पन्नाशीच्या घरात. एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम अनेक वर्षं इमाने करत होते. कोणता ट्रक कुठे लावायचा, कोणता माल आधी काढायचा, हे त्यांना साहेबापेक्षा जास्त कळायचं. त्यांना पाळीप्रमुख होण्याची संधी दोनदा चालून आली आणि दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. घरी सांगितलं, जबाबदारी नको. खरं कारण एवढंच होतं की पाळीप्रमुखाला रोज संध्याकाळी अर्ध्या पानाचा अहवाल लिहावा लागतो. बायकोलाही हे ठाऊक नव्हतं. मोठ्या वयात वाचता न येणारा माणूस ते लपवण्यात किती हुशारी खर्च करतो! चष्मा विसरलो म्हणायचं, हॉटेलात शेजाऱ्याने मागवलं तेच मागवायचं, अर्ज घरी नेऊन भरतो म्हणायचं. ती सगळी बुद्धी आहेच की त्यांच्याकडे. म्हणून ‘अडाणी’ हा शब्द माझ्या तोंडून आता निघत नाही.

त्यांच्यासमोर मुलांचं पुस्तक ठेवलं असतं तर ते दुसऱ्या आठवड्याला आले नसते. आमच्या प्रशिक्षणात शिकवलेली एक रीत आहे, कोल्विनबाईंच्या संघटनेनेही तिचा बराच प्रसार केला. शिकणाऱ्याने आपल्या शब्दांत काहीतरी सांगायचं, शिकवणाऱ्याने ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, आणि तोच मजकूर वाचायचा धडा होतो. या गृहस्थांनी पहिल्या दिवशी सांगितलं ते त्या दुपारी गोदामात तुटलेल्या एका पेटीबद्दल. मी पाच वाक्यं लिहिली. शब्द त्यांचेच असल्यामुळे पुढे काय येणार हे त्यांना माहीत होतं, आणि अडखळत का होईना, त्यांनी ते पान पूर्ण वाचलं. मग मी त्यांना सांगितलं की हाच तुमचा अहवाल आहे. पुढचे कित्येक महिने आमचा अभ्यास म्हणजे ते अहवाल. शब्दांचे ध्वनी, स्पेलिंगचे नियम, सगळं त्या गोदामातल्या शब्दांवरून शिकलो. पॅलेट, डॅमेज, शिपमेंट हे शब्द कुठल्याच बालभारतीत पहिल्या धड्यात येणार नाहीत, पण त्यांना तेच आधी हवे होते.

आता माझं ठाम मत झालंय की प्रौढांना शिकवताना सुरुवात त्यांच्या हातात असलेल्या कागदापासून करावी. कुणाकडे विजेचं बिल असतं, कुणाकडे औषधाची बाटली, कुणाकडे नातवाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी. ‘आधी अक्षरं पक्की करा, मग कामाचं बघू’ असा क्रम लावला की निम्मे लोक वाटेतच गळतात, कारण त्यांच्याकडे तेवढा वेळ नसतो. दोन-दोन नोकऱ्या करून, पोरांना जेवायला वाढून ते आलेले असतात.

कामापुरतं वाचता येणं आता किती गरजेचं झालंय, याचा दाखला हे गावच आहे. एकेकाळी इथे वातानुकूलन यंत्रं बनवणाऱ्या कॅरियरसारखे मोठे कारखाने होते. शाळा अर्धवट सोडलेला माणूस तिथे शेजाऱ्याच्या ओळखीने लागायचा, बघून बघून काम शिकायचा आणि घर बांधायचा. कॅरियरने २००३ साली इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, बाकीचेही एकेक करून गेले. आता २०२२ साली मायक्रॉन कंपनीने गावाच्या उत्तरेला, क्ले इथे, चिप बनवण्याचा प्रचंड कारखाना जाहीर केलाय. वीसेक वर्षांत शंभर अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक आणि नऊ हजारांपर्यंत नोकऱ्या, असा तो आकडा आहे. गावात सगळीकडे त्याचीच चर्चा. पण चिपच्या कारखान्यात बघून बघून काम शिकता येत नाही. तिथे अंगावरचा पोशाख कोणत्या क्रमाने चढवायचा याचीही लेखी सूचना असते, प्रत्येक बिघाडाची नोंद संगणकावर करावी लागते. आमच्या वर्गातल्या तरुणांना या नोकऱ्या मिळणार की बाहेरगावच्यांना, हे त्यांच्या वाचनावर आणि साध्या गणितावर ठरणार आहे.

यावर उत्तर आहे, आणि ते वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांनी वीसेक वर्षांपूर्वी शोधून काढलं. तिथे एकाच वर्गात दोन शिक्षक उभे राहतात. एक वेल्डिंग किंवा रुग्णसेवा शिकवतो, दुसरा त्याच धड्यातलं इंग्रजी आणि गणित. नळीचा व्यास मोजताना अपूर्णांक येतात, रुग्णाचा तक्ता भरताना क्रियापदाचे काळ येतात. २०१४ च्या केंद्रीय कायद्यानेही प्रौढ शिक्षण आणि रोजगार प्रशिक्षण एका छत्राखाली आणलं आणि अशा जोडवर्गांना मान्यता दिली. हे चांगलं झालं. पण त्याच कायद्यामुळे प्रत्येक संस्थेला दाखवावं लागतं की किती जण चाचणीत वरच्या पातळीवर गेले, किती जणांना नोकरी लागली, पगार किती झाला. माझ्या आमा या तक्त्यात कुठेच बसत नाहीत. त्यांना नोकरी करायची नाही. त्यांना नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजीचं एक वाक्य वाचायचंय, एक लिहायचंय, आणि दवाखान्यात नातवाला दुभाषी म्हणून न्यायचं नाहीये. बाईला आपलं दुखणं बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून डॉक्टरला सांगावं लागतं, ही केवढी अडचण आहे! ती दूर होणं हे यश कोणत्या रकान्यात लिहायचं? २०२५ च्या जुलैमध्ये तर प्रौढ शिक्षणाचा केंद्रीय निधीच काही आठवडे अडवून ठेवला होता. तो शेवटी सुटला, पण तोपर्यंत देशभरच्या शिक्षकांना पुढचं सत्र होणार की नाही याची चिंता होती.

आपल्याकडे हे काम नवीन नाही. १९५९ साली साताऱ्यातून सुरू झालेली ग्राम शिक्षण मोहीम आठवणारी माणसं अजून असतील. अख्खं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. शिक्षक, शिकलेली पोरं, सरपंच, सगळे झटले होते, आणि तो उत्साह खरा होता. पण शिकलेलं अक्षर रोजच्या वापरात राहिलं नाही की ते विसरलं जातं, आणि पुढे अनेकांच्या बाबतीत तसंच झालं. आता २०२२ ते २०२७ या काळासाठी उल्लास हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. पंधरा वर्षांवरच्यांसाठी स्वयंसेवक शिकवतात, आणि वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची दीडशे गुणांची चाचणी होते. या योजनेच्या पाच भागांत जीवनकौशल्यं आणि व्यवसायकौशल्यंही आहेत. हे वाचून मला फार बरं वाटलं. हे भाग चाचणीनंतर कधीतरी करायचे म्हणून मागे राहू नयेत, एवढीच माझी कळकळ आहे. बचत गटाचं पासबुक, रोजगार हमीच्या हजेरीचा कागद, रेशन दुकानातली पावती, सातबारा, खताच्या पिशवीवरची सूचना. पहिल्या दिवसाचे धडे एवढे समोर असताना वेगळं पुस्तक शोधायची गरज काय?

ते गोदामातले गृहस्थ आता पाळीप्रमुख आहेत. हायस्कूलच्या समकक्ष असलेल्या जीईडी परीक्षेच्या चारपैकी एका विषयाची तयारी त्यांनी सुरू केलीय आणि विषय निवडलाय गणित. आमा अजून लहान वाक्यांवर आहेत. दवाखान्यातल्या अर्जावर नाव, जन्मतारीख आणि ‘माझा गुडघा दुखतो’ हे त्या स्वतः लिहितात.

तुमच्यापैकी कुणी उल्लासचा वर्ग घेत असेल, किंवा आई, मावशी, शेजारच्या काकूंना घरीच शिकवत असेल, तर मला नक्की लिहा. तुमच्याकडच्या बाया पहिल्यांदा कोणता कागद वाचायला मागतात, हे मला जाणून घ्यायचंय. सप्टेंबरपासून इथे नवीन स्वयंसेवकांचं प्रशिक्षण आहे, आणि या वेळी कागदांची यादी करायचं काम माझ्याकडे आलंय.