एका आकड्यासाठी साडेपाच महिने – जुनी अबार्थ पुंटो घेतानाचा माझा अनुभव

परवा गाडीला एमएचची नंबरप्लेट लागली. टोकन दिलं होतं ९ जुलैला आणि प्लेट लागली २४ डिसेंबरला. मधल्या काळातलं सगळं डोक्यात ताजं आहे आणि अजून राग पण गेलेला नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. कोणी बाहेरच्या राज्यातली जुनी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, एवढंच वाचा: टोकन द्यायच्या आधी बोनेट उघडून इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि आरसी कार्डावरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून घ्या. चेसिस नंबर सगळे बघतात, इंजिन नंबर कोणी बघत नाही. मी पण नाही बघितला.

आता गाडी कुठली आणि का ते सांगतो. रोजचं माझं येऊन-जाऊन ४६ किलोमीटर होतं, त्यातलं अर्धं ट्रॅफिक आणि अर्धा मोकळा हायवे. बारा वर्षं डिझेल सेडान चालवली, गाडी चांगली होती पण सकाळी चावी लावताना काहीच वाटायचं नाही. मला अशी गाडी पाहिजे होती की जी रविवारसाठी झाकून ठेवायची नाही, सोमवारी ऑफिसला न्यायची, डबा-लॅपटॉप-पाऊस-खड्डे सगळं घेऊन, आणि तरी संध्याकाळी घरी यायचा रस्ता थोडा लांबचा घ्यावासा वाटेल. बजेट सात लाखांपर्यंत. त्यामुळे टू-सीटर वगैरे विषयच नव्हता. ऑक्टाव्हिया आरएस बघितली, मन फार गेलं, पण बजेटच्या खूप वर. पोलो जीटी टीएसआय दोन चालवल्या, १०५ पीएसची ती छोटी १.२ टर्बो मस्त पळते आणि ऑटोमॅटिक असल्यामुळे ट्रॅफिकमध्ये आराम, पण तो सात गिअरचा ड्राय क्लच गिअरबॉक्स वॉरंटी संपलेल्या गाडीत घ्यायची माझी तयारी नव्हती, त्याचं काम निघालं की खर्च लाखात जातो. शिवाय मला मॅन्युअलच पाहिजे होती.

मग अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटच्या पुंटोची जास्त ताकदीची आवृत्ती. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आली होती, ९.९५ लाख एक्स-शोरूम, १.४ लिटर टी-जेट टर्बो पेट्रोल, १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटनमीटर टॉर्क, पाच गिअर, चारी चाकांना डिस्क ब्रेक. दहा लाखांच्या आत त्या वेळी असं दुसरं काही नव्हतं आणि माझ्या मते आजही जुन्या बाजारात त्या पैशात नाही. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, आत्ताच्या गाड्यांसारखं इलेक्ट्रिक नाही, त्यामुळे रस्ता हातात कळतो. आणि एक गोष्ट मला फार आवडली, ही गाडी रांजणगावच्या एमआयडीसीत बनलेली. आम्ही दर वर्षी महागणपतीला जातो, त्या रस्त्याला कितीतरी वेळा त्या कारखान्याच्या बाजूने गेलोय.

आमच्या भागात तीन बघितल्या. एकीचं रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कम्प्युटरमध्ये बदल) केलेलं होतं आणि मालक मान्यच करेना, एकीचे चार टायर चार कंपन्यांचे, तिसरी ठोकलेली. टायरवरून आठवलं, टायरच्या बाजूवर चार आकडी तारखेचा शिक्का असतो, ३४१७ म्हणजे २०१७ चा चौतिसावा आठवडा. किती पळाली ते मीटरवर मागे घेता येतं, टायरची तारीख नाही. ३० हजार किलोमीटर सांगतात आणि टायर बदललेले दिसले की विचारा का बदलले.

चौथी मिळाली बेंगळुरूत. २०१६ ची, पांढरी, एकच मालक, ५२ हजार किलोमीटर, सगळ्या सर्व्हिसची बिलं एका फाइलमध्ये लावलेली. मी त्यांना आदल्या रात्रीच सांगितलेलं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवला, गार होतं. थंड स्टार्टला धूर नाही, आवाज नाही. टायमिंग बेल्ट वर्षापूर्वी बदललेला, त्याचं बिल होतं. (या इंजिनाला बेल्ट आहे, चेन नाही, आणि तो नुसतं किलोमीटर बघून नाही, वर्षं बघून पण बदलायचा. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून किंमत पाडा.) ५ लाख ८० हजारांत ठरलं. कर्ज कधीच फिटलेलं आणि आरसीवरून बँकेचं नाव पण उतरवलेलं. माणूस इतका सरळ की मला वाटलं आता काय, कागदच तर राहिलेत.

बेंगळुरूच्या आरटीओची एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला ना-हरकत, फॉर्म २८, तीन आठवड्यांत आली. त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा) लावतात, तो बरोबर होता. इंजिन नंबर तिथे कोणी बघितलाच नाही. गाडी घेऊन आलो, साडेआठशे किलोमीटर, कंटाळा म्हणून नाही. घरी आल्यावर फॉर्म २७, २९, ३० (नवीन नंबरचे आणि नावावर करायचे अर्ज), पत्त्याचे पुरावे, पीयूसी, इन्शुरन्स, सगळी फाइल नीट लावून ऑगस्टच्या मध्यात आमच्या आरटीओत गाडी इन्स्पेक्शनला नेली.

इथे सगळं अडकलं. दोन्ही ऑफिसांची नावं मी लिहीत नाही.

इन्स्पेक्टर साहेबांनी चेसिस बघितला, ओके. मग म्हणाले इंजिन नंबर दाखवा. तो गिअरबॉक्सच्या बाजूला खाली इतका आत आहे की हात जात नाही, वर तेल आणि मातीचा थर. शेजारच्या गॅरेजमधल्या मामांना बोलावलं. त्यांनी रॉकेलचं फडकं काडीला गुंडाळून पाच मिनिटं घासलं, मग टॉर्च आणि छोटा आरसा धरून एकेक आकडा मोठ्याने वाचला, साहेब कार्ड हातात धरून ऐकत होते. शेवटून तिसऱ्या आकड्याला साहेब म्हणाले थांबा. मामांनी परत घासलं. धातूवर बारीक बारीक टिंबांनी कोरलेला ८ होता, स्पष्ट ८. कार्डावर ३.

म्हणजे २०१६ साली नवीन गाडीचं रजिस्ट्रेशन करताना कोणीतरी कम्प्युटरवर ८ च्या जागी ३ मारला आणि इतकी वर्षं ते कोणाला कळलं नाही. साहेब म्हणाले, मूळ आरटीओतून करेक्शन करून आणा, मी पुढे पाठवू शकत नाही. त्यांचं बरोबर होतं, इंजिन बदललेली गाडी असू शकते, चोरीची असू शकते. माझा राग त्यांच्यावर नाही. राग पुढच्या दोन महिन्यांवर आहे.

बेंगळुरूचं ऑफिस म्हणालं, आम्ही एनओसी दिली, आता आमच्या रेकॉर्डला हात लावता येत नाही, आधी एनओसी कॅन्सल करा, आणि कॅन्सल करायला महाराष्ट्रातल्या ऑफिसचं लेखी पत्र आणा की ही एनओसी वापरली गेली नाही. मी इकडे आलो तर इकडचे म्हणाले, पत्र देता येणार नाही कारण तुमचा अर्ज सिस्टिममध्ये पेंडिंग आहे, म्हणजे एनओसी वापरात आहे. मग अर्ज रद्द करा. रद्द करायचा अधिकार मोठ्या साहेबांना आणि मोठे साहेब ट्रेनिंगला. एकोणीस दिवस. मी त्यातले सात दिवस स्वतः जाऊन बसलो, अर्धी-अर्धी रजा टाकून. खिडकीवरच्या मॅडम शेवटी शेवटी मला लांबूनच बघून मान हलवायच्या. चौकशीच्या रांगेत उभं राहून फक्त "आज आले का" एवढं विचारायला पाऊण तास. कोणीही एक माणूस फोन उचलून तिकडच्या ऑफिसशी दोन मिनिटं बोलला असता तर संपलं असतं, पण दोन ऑफिसं एकमेकांशी बोलत नाहीत, मध्ये कागद घेऊन आपण पळायचं.

साहेब आले, अर्ज रद्द झाला, पत्र मिळालं. पुढचा प्रश्न, करेक्शनचा अर्ज रजिस्टर्ड मालकानेच करायचा, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. त्यांना पैसे मिळून दोन महिने झाले होते, त्यांनी फोन नसता उचलला तर मी काहीही करू शकलो नसतो. त्यांनी दोन दिवस रजा काढली माझ्यासाठी. मला आयुष्यभर लक्षात राहील. आणि त्यांच्या त्या फाइलमध्ये २०१६ चा फॉर्म २१, म्हणजे डीलरचं सेल सर्टिफिकेट, आणि पहिल्या वर्षाची इन्शुरन्स पॉलिसी सापडली. दोन्हीवर ८. तो डीलर कधीच बंद झालेला, ती फाइल नसती तर मूळ नंबर सिद्ध करायला कुठे गेलो असतो माहीत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना फॉर्म २१ ची निदान झेरॉक्स तरी मागाच, लोक म्हणतात आता काय करायचाय, देतील नाही देतील, पण मागा.

हे सगळं असूनही बेंगळुरूचं ऑफिस म्हणालं, गाडी समक्ष दाखवा. फोटो चालणार नाही, व्हिडिओ चालणार नाही, महाराष्ट्रातल्या इन्स्पेक्टरचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट चालणार नाही. गाडी आणा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे चारला निघालो. बायको म्हणाली मी पण येते, एकटा तिथे चिडून काहीतरी बोलशील. तिने बरं केलं. खंबाटकी चढताना अजून अंधार होता, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या वर टर्बो जागा होतो आणि गाडी अशी काही ओढते की पूर्ण घाटात मी आरटीओ विसरलो होतो. निपाणी सोडून तवंदी घाटात परत तेच. हुबळीत जेवण, चित्रदुर्गच्या पवनचक्क्या दिसल्या तेव्हा ऊन उतरायला लागलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गाडी ऑफिसच्या आवारात लावली, दुपारी तीनला इन्स्पेक्टर आले, वाकून आरशात बघितलं, फॉर्म २१ बघितला, सही केली. चार मिनिटं. घड्याळ लावून सांगतोय, चार मिनिटं, आणि त्यासाठी जाऊन-येऊन सतराशे किलोमीटर.

त्यानंतर करेक्शन सिस्टिममध्ये चढायला पंधरा दिवस, नवीन एनओसीला तीन आठवडे, इकडे परत इन्स्पेक्शन. या वेळी साहेबांनी ८ बघितला आणि हसले. रोड टॅक्स भरला (गाडीच्या वयानुसार कमी होऊन येतो, पण भरावा लागतोच, किंमत ठरवताना हा आकडा आधीच काढून ठेवा, मी ठेवला होता म्हणून धक्का बसला नाही), मग नंबर, मग हाय सिक्युरिटी प्लेट. कर्नाटकात भरलेल्या लाइफटाइम टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, तो अर्ज जुन्या मालकांच्या नावाने टाकलाय, बघू.

मधल्या काळात गाडी वापरायची का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपर्यंत तिथल्या नंबरवर चालवता येते, त्याची अडचण नाही, पोलिसांनी दोनदा अडवलं, एनओसी आणि विक्रीचे कागद दाखवले, सोडलं. खरी भीती इन्शुरन्सची होती. पॉलिसी जुन्या मालकांच्या नावावर, आणि ती सप्टेंबरमध्ये संपली तेव्हा रिन्यू पण त्यांच्याच नावाने करावी लागली, पैसे मी भरले. काही झालं असतं तर क्लेमला किती त्रास झाला असता, म्हणून त्या महिन्यांत मी ऑफिसला बसने गेलो आणि बेंगळुरूची खेप सोडली तर गाडी दर रविवारी सकाळी फक्त बॅटरीपुरती फिरवली. आरसी माझ्या नावावर झाल्या झाल्या चौदा दिवसांच्या आत इन्शुरन्स ट्रान्सफरचा अर्ज द्यायचा असतो, मी दुसऱ्याच दिवशी दिला. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो.

रोजच्या वापराचं थोडं. क्लच जड आहे, ट्रॅफिकमध्ये डावा पाय दुखतो, पायाशी जागा पण अरुंद, टेस्ट ड्राइव्हला रोजचेच बूट घालून जा. शहरात लिटरला दहा-अकरा मिळतंय. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, आमच्या सोसायटीच्या स्पीडब्रेकरला चौघं बसलेले असताना तिरकी घ्यावी लागते. फियाटचं दुकान इकडे बंद झालंय, काम जीपच्या वर्कशॉपमध्ये किंवा मामांकडे, काही पार्टला थांबावं लागतं. मला हे सगळं आधी माहीत होतं आणि तरी घेतली.

काल पहिल्यांदा ती ऑफिसला नेली, स्वतःच्या नावाची आरसी खिशात ठेवून. संध्याकाळी निघताना आपोआप लांबच्या रस्त्याला वळलो, अठरा किलोमीटर जास्तीचे. घरी आलो तर बायको गॅलरीत उभी होती, म्हणाली आवाजावरूनच कळलं. रविवारी बाबांना घेऊन रांजणगावला जायचंय.