शेवटच्या दोन पायऱ्या

सकाळी जिना उतरताना मी शीळ घालत होतो. कारण विचाराल तर काहीच नव्हते. शीळ अशी काही रंगात आली की शेवटच्या दोन पायऱ्या मी दोन्ही पाय जुळवून उडी मारून ओलांडल्या, आणि समोर वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या! माझे वय ४७, खांद्याला ऑफिसची बॅग. मी तत्काळ मोबाइल कानाला लावला आणि पलीकडे नसलेल्या माणसाला गंभीरपणे म्हणालो, "हो, हो, निघालोच आहे." नेमका त्याच क्षणी तो कानाशी खणखणला.

दिवसभर तेच डोक्यात घोळते आहे. उडीची लाज वाटली, हे एक वेळ समजू शकते. पण त्या 'हो, हो'ची लाज त्याहून अधिक वाटते आहे. कपाळाला आठ्या घालून उतरलो असतो, तर कोणापुढेही कसला देखावा करावा लागला नसता. खुशीत सापडलो, तर मात्र चोरी पकडल्यासारखी सबब शोधावी लागते. ही सवय मला कधी लागली? दादा असता तर त्याने सांगितले असते. असो.

कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग दुपारी आठवला. घालायला संकोच वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांच्या खोलीत पाठवले, तेव्हा जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या तो लक्षात आला होता. मनाला तेवढाच आधार, असे म्हणणार होतो, पण माझ्या प्रयोगात प्रेक्षक एकच होता आणि त्याने शंभर टक्के पाहिले होते.

संध्याकाळी काकू पुन्हा जिन्यातच भेटल्या. कठडा धरून, एकेक पायरी जपून उतरत होत्या. मी बाजूला झालो. "गुडघे सांभाळा हो," एवढेच म्हणून त्या पुढे गेल्या. ती चेष्टा होती की काळजी, की त्यांच्याच गुडघ्यांविषयीचे काही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या दिसेनाशा झाल्यावर मी चढलेल्या पायऱ्या पुन्हा उतरलो आणि शेवटच्या दोन उडीनेच ओलांडल्या. आधी वर-खाली पाहून घेतले, हे नाकारत नाही. मोबाइल मात्र बॅगेच्या तळाशी ठेवला होता. डावा गुडघा अजून कुरकुरतो आहे.